मुकी डबी

गारेगारच्या घरात वरच्या मजल्यावर माणूस उकडून निघायचा आणि खालच्या मजल्यावर हुडहुडी भरायची, आणि या गोष्टीची त्याला तब्बल तीन वर्षं लाज वाटली नव्हती. आता हा माणूस पोटासाठी काय करायचा, तर लोकांच्या घरांतली हवा सारखी करायचा. अख्ख्या घराला एकच मोठं गार हवेचं यंत्र असतं, त्यातून पत्र्याचे डक्ट निघतात, छतातून आणि भिंतींतून खोलीखोलीत जातात आणि जाळीतून हवा सोडतात. कुठे जास्त, कुठे कमी झालं की गारेगारला बोलावणं यायचं. हा जायचा, जाळीसमोर कागदाची पट्टी धरायचा, ती किती फडफडते ते डोळे बारीक करून बघायचा, मग डक्टमधल्या झडपा इकडे थोड्या उघडायचा, तिकडे थोड्या मिटायचा, आणि संध्याकाळपर्यंत वर राहणारी सून आणि खाली राहणारी सासू एकाच तापमानात नांदायला लागायच्या. कंपनीतल्या लोकांनी त्याचं नाव गारेगार ठेवलं, आणि त्याला ते इतकं आवडलं की पुढे गिऱ्हाइकांना फोनवर तो स्वतःच तेच नाव सांगायला लागला.

सासूबाई तीन वर्षांपूर्वी राहायला आल्या. सासरे गेल्यावर त्या एकट्या पडल्या होत्या. आईला इकडेच आणू या असं बायको म्हणाली तेव्हा गारेगारने आढेवेढे घेतले नाहीत, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. बाई शिवणकाम करणाऱ्या. पडदे शिवायच्या, उसवलेल्या शिवणी धरायच्या, कमरेत घट्ट झालेले कपडे सैल करून द्यायच्या, आणि कुणाची कंबर किती वाढली हे जन्मात कुणाला सांगायच्या नाहीत. शिवणयंत्राला उजेड हवा म्हणून त्यांना वरची खोली दिली. खोली छानच होती. दोन बाजूंना खिडक्या, डोक्यावर थेट छप्पर. म्हणजे दुपारी बारा वाजले की भट्टी.

पहिल्या उन्हाळ्यात त्या दोनदा बोलल्या. एकदा जेवताना म्हणाल्या, वर जरा जास्त उकडतं का, की मलाच वाटतं. गारेगारने हातातला चमचा बाजूला ठेवून त्यांना गरम हवा वर चढते हे शास्त्र समजावून सांगितलं. हेच शास्त्र तो गिऱ्हाइकांना सांगायचा तेव्हा त्यानंतर कामाला सुरुवात व्हायची. घरी ते काम टाळायला उपयोगी पडलं. दुसऱ्यांदा त्या लेकीजवळ बोलल्या, आणि लेकीने ते नवऱ्याच्या कानावर घातलं. काहीतरी कर बाबा, ती माझ्यामागे लागते, असं ती म्हणाली. खरं तर तिच्याजवळ एकदाच बोललेल्या बाईबद्दल मागे लागते म्हणायचं कारण नव्हतं. पण बायको दाताच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या कुरकुरी ऐकून येई, तिला घरी आणखी एक नको होती.

खरं काम माळ्यावर होतं. वरच्या खोलीच्याही वर, छपराखाली, जिथे डक्ट पसरलेले होते तिथे पोटावर सरपटत जायचं, धूळ खायची, सांधे तपासायचे. फार तर दोन दिवसांचं काम. पण आठवडाभर दुसऱ्यांच्या माळ्यांवर सरपटून आलेल्या माणसाला स्वतःच्या माळ्याची शिडी दिसेनाशी होते. गारेगारला ती तीन वर्षं दिसली नाही.

त्याऐवजी त्याला एक चलाखी सुचली. मोठ्या कचेऱ्यांत हवेवरून रोज भांडणं होतात. एकाला गार वाटतं, शेजारच्याला गरम. अशा वेळी सगळ्यात जास्त तक्रार करणाऱ्याच्या टेबलाजवळ भिंतीवर एक डबी बसवून द्यायची. तिच्यावर तापमानाच्या आकड्यांची गोल चकती आणि एक हिरवा दिवा. आत दिव्यापुरता सेल असतो, बाकी काही नाही. मागून एकही वायर यंत्राकडे जात नाही. माणूस चकती फिरवतो, हिरवा दिवा बघतो आणि त्याला बरं वाटायला लागतं. कंपनीत या प्रकाराला मुकी डबी म्हणत. माणसाला गारवा मिळाला नाही तरी चालतं, चकती आपल्या हातात पाहिजे, असं गारेगारचं लाडकं मत होतं.

अशी एक डबी त्याने सासूबाईंच्या खोलीत दोन स्क्रू मारून बसवली. आदल्या दिवशी बायकोला दाखवली तेव्हा ती तोंडावर हात धरून हसली. आईला कळलं तर, असं तिने विचारलं. कसं कळेल, असं तो म्हणाला. मग वर जाऊन त्याने सासूबाईंना नीट धडा दिला. ही चकती फिरवली की वरची हवा वाढते, पण लगेच नाही, वेळ लागतो. आणि उगीच सारखी फिरवत बसू नये म्हणून त्याने जाता जाता एक वाक्य जोडलं. "हवा शेवटी एकच आहे ना, आई. वर जास्त घेतली की खाली तेवढी कमी पडते." हे वाक्य आपल्याला फारच छान सुचलं असं त्याला जिना उतरताना वाटलं होतं.

त्या दिवसापासून तक्रार बंद. सासूबाई एका शब्दाने उकाड्याचं नाव काढेनात. गारेगारने हा किस्सा कंपनीत सांगितला, आणि तो असा रंगला की लोक तो पुन्हा पुन्हा सांगायला लावू लागले. साहेबांच्या निरोपसमारंभात सांगितला. गिऱ्हाइकांच्या घरी चहा पिता पिता सांगितला. सासूबाईंना तीन उन्हाळे दोन स्क्रूंवर गार ठेवलंय, असं म्हणून तो थांबायचा आणि लोक टाळ्या द्यायचे. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तो वर जाऊन डबी उघडायचा, फुंकर मारायचा आणि सेल बदलायचा. त्याला तो सर्व्हिसिंग म्हणायचा. सकाळची वेळ असायची, खोली अजून तापलेली नसायची. सासूबाई खालून स्टूल घट्ट धरून उभ्या राहायच्या आणि सांभाळून, सांभाळून म्हणत राहायच्या. हा तपशील तर किस्स्यात शेवटी यायचा आणि सगळ्यात जास्त हशा त्यालाच असायचा.

तर एका सुट्टीच्या सकाळी गारेगार स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता आणि सासूबाई रुमालाची गाठ मुठीत धरून खाली आल्या. बायको बाजारात गेली होती. मुलगी तिच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होती, भर उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर घालून, कारण खालच्या जाळ्यांतून नुसतं बर्फाचं वारं यायचं. सासूबाई बसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर रुमाल सोडला. आत डबीवरची चकती होती, आणि तिच्या कडेला वाळलेला गोंद.

"जावईबापू, माझ्या हातून एक नुकसान झालंय," त्या म्हणाल्या.

ओल्या फडक्याने पुसायला गेल्या आणि चकती हातात आली. आठ दिवस झाले. गोंदाने चिकटवून पाहिली, राहिली नाही. तुम्ही एवढं मायेने करून दिलेलं, आणि मी मोडलं, सांगायला तोंड नव्हतं, आठ दिवस घास गोड लागला नाही, असं सगळं त्या टेबलाकडे बघत बोलल्या. गारेगारच्या ओठांवर हसू आलं होतं. किस्स्याला नवा शेवट मिळाला, एवढंच त्या क्षणी त्याच्या मनात आलं, आणि हे त्याने पुढे स्वतःशी कबूल केलं, दुसऱ्या कुणाशी नाही.

सासूबाईंना भलतीच काळजी होती. आता चकतीच नाही म्हटल्यावर आत काही सरकलं तर सगळी हवा वर यायला लागेल आणि खाली पोरीला कमी पडेल. ऐन परीक्षेत. म्हणून त्या आठ दिवस रोज सकाळी उठून आपल्या खोलीतल्या जाळीखाली हात धरून बघत होत्या.

काहीतरी विचारायचं म्हणून गारेगारने विचारलं, चकती कितीवर होती.

"तीसावर."

तीस हा शेवटचा आकडा, म्हणजे सगळ्यात कमी गारवा. त्याच्या पलीकडे चकती जात नाही.

"म्हणजे मोडली तेव्हा?"

"नाही हो. पहिल्यापासून. तुम्हीच सांगितलं होतं ना, वर घेतली की खाली कमी पडते. मी एकटी, मला कितीशी हवा लागते? पोरगी खाली अभ्यास करते, तुम्ही दोघं दमून येता." मग त्यांनी गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं की एकदाच, मागच्या उन्हाळ्यात, एक बाई मापं द्यायला आल्या होत्या आणि त्यांना घेरी यायला लागली, तेव्हा अर्धा तास पंचवीसवर केलं होतं. तेवढ्यात खाली पोरगी शिंकली. हवा कमी पडून पोरीला बाधलं असं वाटून लगेच परत तीसावर नेलं. नंतर खाली येऊन पोरीच्या कपाळाला हातही लावून पाहिला.

गारेगारच्या हातातला कप तसाच राहिला. हसू कुठे गेलं ते त्याला कळलं नाही. ज्या तक्रारी आपण डबी लावून बंद पाडल्या अशी फुशारकी त्याने तीन वर्षं मारली होती, त्या डबीने बंद पडल्याच नव्हत्या. या बाईने आपल्या वाटणीची हवा नातीला देऊन टाकली होती, आणि द्यायला ती हवा मुळात नव्हतीच. दुपारी येऊन बघतो, एवढंच तो कसंबसं बोलला. तुमचा सुट्टीचा दिवस जाईल, असं सासूबाई म्हणाल्या.

दुपारी दोन वाजता तो वर गेला. तीन वर्षांत या वेळेला तो या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. दारातच गरम हवा तोंडावर आली. सासूबाई शिवणयंत्रावर बसून कुणाच्या तरी पडद्याला अस्तर लावत होत्या. दोन्ही खिडक्यांवर ओले टॉवेल, निम्मे वाळलेले. अंगातल्या झग्याच्या बाह्या खांद्यापासून कापून टाकलेल्या. आणि यंत्राच्या टेबलाखाली पाण्याचं घमेलं. डावा पाय त्यात, उजवा पाय यंत्राच्या पॅडलवर. थोड्या वेळाने पाय बदलायच्या. त्यांना त्याची इतकी सवय झाली होती की जावई बघतोय म्हणून पाय बाहेर काढायचंही त्यांना सुचलं नाही. गारेगारने खिशातला तापमापक काढला. चौतीस.

वरच्या जाळीला कापडाची एक निळी फीत बांधलेली होती. ती सरळ खाली लोंबत होती. गारेगारने जन्मभर जाळ्यांसमोर कागदाच्या पट्ट्या धरल्या होत्या, तेव्हा ही कशाला बांधली हे त्याला विचारायची गरज नव्हती. तरी त्याने विचारलं.

"हवा येतेय का ते कळायला," सासूबाई म्हणाल्या. "ती हलत नाही, म्हणजे खाली नीट पोचतेय असं मी समजते."

तो शिडी आणायला गेला.

माळ्यावर सरपटत त्याला वरच्या खोलीकडे जाणारा डक्ट सापडायला पाच मिनिटं लागली. सांधा थोडा सुटला होता, पण ते कारण नव्हतं. डक्टवरची झडप पूर्ण मिटलेली होती. झडपेच्या दांडीवर चिकटपट्टी, आणि पट्टीवर मार्करने लिहिलेलं होतं: वर कुणी नाही. बंद. नंतर बघू. अक्षर त्याचंच होतं. हे घर घेतलं तेव्हा वरची खोली अडगळीची होती, तिथे हवा कशाला घालवायची म्हणून त्यानेच ती झडप मिटली होती आणि साफ विसरला होता. सासूबाई आल्या त्या दिवशी एवढी एक दांडी फिरवली असती तर डबी लागलीच नसती. तो तिथेच धुळीत पालथा पडून राहिला. खालून शिवणयंत्राचा आवाज येत होता. त्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी पहिला विचार आला तो हाच, की ही पट्टी फाडून खिशात घालावी. त्याने ती फाडली आणि खिशात घातली.

पुढचे दोन दिवस त्याने रजा टाकली आणि घरात असं काम केलं की गिऱ्हाइकाकडेही कधी केलं नसेल. सांधे बंद केले, डक्टला जाड आवरण गुंडाळलं, वरची गरम हवा परत खेचून नेणारी एक मोठी जाळी नव्याने बसवली. खालच्या झडपा अर्ध्यावर आणल्या. वरच्या डक्टला मोटारीवर उघडमीट करणारी झडप बसवली आणि भिंतीवर मुक्या डबीच्या जागी खरी डबी, वायरसकट. खाली मुलीने स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि आज यंत्र बिघडलंय का, असं विचारलं.

बायकोला त्याने पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तीसाचं, घमेल्याचं, फितीचं. पट्टी दाखवली. ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आईच्या खोलीत आपणही दुपारी कधी बसलो नाही, संध्याकाळी दारातूनच बोलून खाली येतो, असं ती म्हणाली. मग म्हणाली, आता आईला काही सांगू नकोस. तिला वाटतंय तिने मोडलं आणि तू नीट करून दिलंस. वाटू दे. गारेगारला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीही लाज वाटली.

सासूबाईंनी तर शेजारीपाजारी सांगायला सुरुवातही केली होती. एवढी महागाची वस्तू मी मोडली, पण जावई एका शब्दाने बोलला नाही, उलट दोन दिवस रजा काढून नवी बसवून दिली. पडदे न्यायला आलेल्या बाईंनी हे गारेगारला तोंडावर सांगितलं, भाग्यवान आहेत हो तुमच्या सासूबाई. तो चपला शोधायचं निमित्त करून बाहेर निघून गेला.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण चौथ्या दिवशी दुपारी तो मुद्दाम घरी आला, वर गेला, आणि दारातच पुन्हा तीच गरम हवा. फीत सरळ लोंबत होती. घमेलं जागच्या जागी. त्याला वाटलं मोटार जळाली. भिंतीपाशी गेला तर नव्या डबीची चकती तीसावर होती.

त्याने सांगितलं, आई, आता चोवीसवर ठेवायची. त्यांनी यंत्र न थांबवता नकारार्थी मान हलवली. पोरीचे अजून दोन पेपर राहिलेत, असं म्हणाल्या. त्याने सांगितलं, नवीन पद्धतीत खाली कमी पडत नाही. त्या हसल्या. तुम्ही माझ्यासाठी म्हणताय ते कळतं मला, पण हवा एकच ना, असं म्हणून त्यांनी त्याचंच वाक्य त्याला परत दिलं, नीट घडी करून जपून ठेवलेलं. मग त्यानेच पुढे होऊन चकती चोवीसवर नेली. वर कुठेतरी मोटार घरघरली, जाळीतून हवा सुटली आणि निळी फीत आडवी होऊन फडफडायला लागली. सासूबाईंनी घाबरून वर पाहिलं आणि उठायला लागल्या.

"नको, नको, फिरवा परत. खाली कमी पडेल."

आता गप्प बसलं तर ही बाई चांगल्या चालत्या यंत्राखाली जन्मभर उकडत बसेल, हे गारेगारला दिसलं. झडप त्याने नीट केली होती, सांधे केले होते, पण जे बिघडवलं होतं ते तसंच होतं, आणि ते पाना घेऊन नीट होणारं नव्हतं.

"आई, बसा जरा," तो म्हणाला. "खाली कमी पडत नाही. कधीच पडत नव्हती. ती पहिली डबी खोटी होती. तिला वायरच नव्हती. तुम्ही उकडतं म्हणालात आणि मला माळ्यावर जायचा कंटाळा आला, म्हणून मी ती भिंतीवर ठोकली. हवा कमी पडते हेही मीच बनवून सांगितलं. वर येणारी हवा मीच बंद करून ठेवली होती आणि विसरलो होतो." त्याने खिशातून पट्टी काढून यंत्राच्या टेबलावर ठेवली. ती तो चार दिवस खिशातच घेऊन फिरत होता.

सासूबाईंनी पट्टी वाचली. मग अर्धवट राहिलेली टीप टोकापर्यंत नेली, दोरा कापला आणि सुई वर करून यंत्र थांबवलं.

"म्हणजे मी मोडली ती..."

"काही मोडलं नाही तुमच्या हातून."

"आणि पोरगी शिंकली होती?"

"ती नुसती शिंकली होती, आई."

त्यांनी भिंतीवरच्या डबीकडे पाहिलं. "तुम्ही दर वर्षी ती जुनी डबी साफ करायचात."

"हो."

"मी स्टूल धरायचे."

 याच जागी लोक हसायचे. त्या सगळ्यांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे आले, आणि आपला स्वतःचा, हशा पिकायची वाट बघत थांबलेला. त्याला वाटलं त्या आता ओरडतील, रडतील, निदान मी दुसरीकडे जाते म्हणतील, आणि यातलं काहीही चाललं असतं. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं ते भलतंच.

"हिला माहीत होतं?"

ही म्हणजे कोण ते सांगायला नको होतं. हा प्रश्न गारेगारच्या ध्यानीमनी नव्हता. तीन वर्षं त्याने खोटं बोलून मजा केली होती. आता पहिल्यांदा त्याला खोटं बोलणं गरजेचं वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "तिला यातलं काही माहीत नव्हतं."

सासूबाईंनी मान हलवली, पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत होत्या. बायको अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन घरी आली होती आणि खालून आवाज ऐकून वर आली होती. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिला तिथूनच परत जिना उतरता आला असता. तिने खांद्यावरची पिशवीही काढली नव्हती.

"माहीत होतं, आई," ती म्हणाली. "त्याने मला आधी दाखवली होती. मी हसले होते."

 फीत फडफडत होती. सासूबाईंनी घमेल्यातून पाय काढला, टॉवेल घेऊन दोन्ही पाय बोटांच्या मधून नीट कोरडे केले आणि टॉवेलची घडी केली. उघडे दंड दोन्ही हातांनी झाकून घेतले. लेक शाल आणायला वळली, तेव्हा त्या राहू दे म्हणाल्या. गार वाटतंय, मीच बंद करते. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि चकती तीसावर नेली.

हवा येतच राहिली. मोटारीची झडप मिटायला वेळ घेते.

"मिनिटभर लागतं, आई," गारेगार सवयीने बोलून गेला.

त्या त्याच्याकडे वळल्या. "तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, वेळ लागतो."

त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिघंही मान वर करून फितीकडे बघत उभी राहिली. ते एक मिनिट गारेगारच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मिनिट होतं. झडप त्याने स्वतः बसवली होती, वीस वेळा तपासली होती, तरी त्याच्या कानशिलांवरून घाम वाहायला लागला. न मिटली तर? मग फडफड कमी झाली, फीत खाली आली, दोनदा हलली आणि सरळ लोंबली.

"थांबली," सासूबाई म्हणाल्या.

बायकोने पिशवी खाली ठेवली. गारेगारही जायला वळणार होता. पण सासूबाईंचा हात चकतीवरून निघाला नव्हता. त्यांनी ती पुन्हा चोवीसवर नेली, फितीवर डोळे लावले आणि पुन्हा वाट बघायला लागल्या. लेक आणि जावई मान खाली घालून त्यांच्या मागे उभे राहिले. बसा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.